डीपीएस वॉरियर बिनडोक नाही: एकेका मुद्द्याला उत्तर

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांमधे एक मेसेज कधीपासून फिरतोय, शब्द थोडे बदलतात पण मजकूर तोच. "डीपीएस वॉरियर म्हणजे सगळ्यात बिनडोक रोल. तीन बटणं आपटायची, बाकी सगळं गियर करतं. अंगावर प्लेट आहे त्यामुळे मरायची भीती नाही. ॲग्रो आला तर ती टँकची चूक. आणि खरं सांगायचं तर मेली घेण्यापेक्षा रेंज्ड घेतलेलं कधीही बरं, वॉरियरने फक्त मीटरवर आकडा दाखवायचा."

(डीपीएस म्हणजे डॅमेज करणारा, टँक म्हणजे बॉसचा मार अंगावर घेणारा, ॲग्रो म्हणजे बॉस तुमच्या अंगावर येणं, मेली जवळून मारणारे, रेंज्ड लांबून, प्लेट म्हणजे सगळ्यात जाड चिलखत आणि मीटर म्हणजे कोणी किती डॅमेज केलं ते दाखवणारी यादी.) लोक हे नुसतं फॉरवर्ड करत नाहीत, खरंही मानतात, आणि नवीन आलेला माणूस हेच डोक्यात ठेवून वॉरियर बनवतो, लेव्हल 60 पर्यंत रखडत जातो (वॉरियरचं लेव्हलिंग हळू असतं हे खरंच आहे) आणि पहिल्या काही रेडमधे (म्हणजे अनेकांनी मिळून बॉस मारायच्या मोहिमांमधे) इतका मार खातो, इतकी बोलणी खातो की क्लासच सोडून देतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हा क्लास जितका शिकाल तितका देतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो. बोलतोय ते क्लासिकच्या लेव्हल 60 च्या नियमांबद्दल आणि मुख्यतः फ्युरी (डॅमेजची टॅलेंट घेतलेल्या, बहुधा दोन हातांत दोन शस्त्रं धरणाऱ्या) वॉरियरबद्दल, कारण रेडमधे बहुतेक तोच असतो. रिटेलचं, म्हणजे गेमच्या आजच्या आवृत्तीचं, गणित वेगळं, ते इथे आणू नका.

"तीन बटणं आपटायची."

बटणं थोडीच आहेत, कबूल. ब्लडथर्स्ट, व्हर्लविंड, हिरोइक स्ट्राइक, आणि बॉस 20 टक्क्यांच्या खाली गेला की एक्झिक्यूट. पण बटणं किती यावरून रोल सोपा की अवघड हे ठरत नाही, ती दाबायला लागणारा रेज (वॉरियरची खर्च करायची ताकद) कुठून येतो ते बघा. मेजचा (जादूगाराचा) माना पूर्ण भरलेला असतो आणि तो खर्च करत जातो. वॉरियर शून्यावरून सुरू करतो आणि रेज मिळतो तो मारलेल्या आणि खाल्लेल्या फटक्यांतून. लेव्हल 60 ला साधारण 300 डॅमेजचा पांढरा (बटण न दाबता आपोआप पडणारा) फटका बसला की जेमतेम 10 रेज हातात येतो, आणि फटका मिस झाला तर काहीच नाही. ब्लडथर्स्टला 30 लागतो, व्हर्लविंडला 25. म्हणजे प्रत्येक बटण दाबताना पुढच्या दोन-तीन सेकंदात किती येईल आणि किती जाईल याचा हिशोब डोक्यात चालू असावा लागतो, आणि तोही अंदाजाने, कारण पुढचा फटका बसेलच याची खात्री नाही.

आता हिरोइक स्ट्राइक. हे बटण दाबल्या दाबल्या काही होत नाही, ते पुढच्या मेन हँडच्या (मुख्य हातातल्या शस्त्राच्या) फटक्यावर जाऊन बसतं. टॅलेंट घेतलं असेल तर 12 रेज घेतं, शिवाय जो पांढरा फटका रेज देऊन गेला असता त्याचीच जागा घेतं, म्हणजे तोटा दुहेरी. समजा रेज 38 आहे, ब्लडथर्स्ट एका सेकंदात मोकळा होणार आहे, मेन हँडचा फटका अर्ध्या सेकंदावर आहे आणि हिरोइक स्ट्राइक रांगेत लावलेला आहे. तसाच जाऊ दिला तर 12 जाऊन उरतो 26, ब्लडथर्स्ट मोकळा होतो पण दाबता येत नाही आणि तुम्ही ऑफ हँडचा फटका कधी बसतो याची वाट बघत उभे. तोच फटका पडायच्या आधी मॅक्रोने (बटणावर बसवलेल्या तयार आदेशाने) रद्द केला तर पांढरा फटका बसतो, रेज 48 च्या आसपास जातो, ब्लडथर्स्ट वेळेवर पडतो आणि वर 18 शिल्लक राहतो. अर्ध्या सेकंदाचा निर्णय आहे आणि तो संपूर्ण फाइटभर पुन्हा पुन्हा घ्यायचा असतो.

मग रांगेत लावलाच कशाला? तर हिरोइक स्ट्राइक रांगेत असताना ऑफ हँडला दोन शस्त्रांचा जो जादा 19 टक्के मिस लागतो तो लागत नाही. म्हणून चांगले वॉरियर तो लावून ठेवतात, ऑफ हँडचा फटका नीट बसवून घेतात आणि रेज कमी असेल तर मेन हँड पडायच्या आत काढून घेतात. दोन्ही हातांचे स्विंग टायमर (पुढचा फटका कधी पडणार ते दाखवणारे) बघत हे जमवायचं. याला बटणं आपटणं म्हणणाऱ्याने एकदा पूर्ण फाइट हे करून बघावं.

"बाकी सगळं गियर करतं."

यात तथ्य आहे. वॉरियर गियरसोबत जितका वाढतो तितका क्वचितच दुसरा कुठला क्लास वाढत असेल, कारण जास्त डॅमेज म्हणजे जास्त रेज आणि जास्त रेज म्हणजे परत जास्त डॅमेज. पण कुठलं गियर, हे कोण ठरवणार? जांभळं (निळ्याहून वरच्या दर्जाचं) दिसलं की घातलं असं करणारे वॉरियर ढिगाने आहेत आणि तेच निळ्या वस्तू घातलेल्या माणसाच्या खाली राहतात.

लेव्हल 63 च्या बॉससमोर वेपन स्किल (त्या शस्त्रातलं कौशल्य) 300 असेल तर बटणांचे फटके मिस होऊ नयेत म्हणून 9 टक्के हिट (मिस कमी करणारा आकडा) लागतं, स्किल 305 असेल तर 6 टक्क्यांत भागतं. त्याहून मोठी गोष्ट ग्लान्सिंगची. बॉसवर पडणाऱ्या तुमच्या पांढऱ्या फटक्यांतले 40 टक्के ग्लान्सिंग असतात, घसटून गेलेले, आणि हे 40 टक्के कुठल्याच गियरने कमी होत नाहीत. कमी होतो तो त्यातला तोटा. स्किल 300 ला त्या फटक्याचं सरासरी 35 टक्के डॅमेज वाया जातं, 305 ला 15 टक्के. म्हणून ह्युमन तलवार किंवा मेस धरतो आणि ऑर्क कुऱ्हाड, कारण त्यांना त्यात 5 स्किल जन्मतःच मिळालंय. आणि म्हणूनच एजमास्टर्स हँडगार्ड्ससारखे कमी लेव्हलचे मेलचे (प्लेटहून हलक्या, कड्यांच्या चिलखताचे) हातमोजे लोक रेडमधे घालतात, कारण त्यावर कुऱ्हाड, तलवार आणि डॅगरचं 7 स्किल आहे. डेव्हिलसॉरचे हातमोजे आणि पँट तर चक्क लेदर, पण दोन्ही मिळून 2 टक्के हिट देतात आणि सुरुवातीला वॉरियरला दुसरं काही इतकं स्वस्तात तेवढं हिट देत नाही. हे ओळखायला आधी फटक्यांचं गणित समजावं लागतं. गियर आपोआप काही करत नाही, निवडणारा करतो.

"अंगावर प्लेट आहे, मरायची भीती नाही."

अर्धा सेट लेदर आणि मेलचा असतो हे वर आलंच. बर्सर्कर स्टान्समधे (वॉरियरच्या लढायच्या एका पवित्र्यात) 10 टक्के जास्त मार बसतो, डेथ विश (डॅमेज वाढवणारं बटण) लावली की आर्मर 20 टक्क्यांनी उतरतं, रेकलेसनेस लावली की अजून 20 टक्के जास्त मार. आणि आर्मर अडवतं ते फक्त शारीरिक फटके, आग आणि शॅडोपुढे प्लेट आणि कापड सारखंच. ज्याला टँकसारखं उभं राहता येईल असं वाटतं तो डीपीएस वॉरियर बॉसच्या दोन फटक्यांत आडवा होतो.

"ॲग्रो आला तर टँकची चूक."

या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो कारण याने आख्खे रेड पडलेत. नियम साधा आहे, मेलीत उभं असताना तुमचा थ्रेट (बॉसला तुमचा किती राग आहे तो आकडा) टँकच्या 110 टक्क्यांवर गेला की बॉस तुमच्याकडे वळतो. लांब उभ्या असलेल्याला 130 टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे. म्हणजे सगळ्यात जास्त डॅमेज करणाऱ्यांपैकी एक, आणि सगळ्यात कमी मोकळीक. रोग या क्लासकडे थ्रेट कमी करायला फेंट आहे, व्हॅनिश आहे, हंटर मेल्याचं सोंग घेतो, वॉरियरकडे थ्रेट खाली टाकायला एकही बटण नाही. बर्सर्कर स्टान्समधे थ्रेट थोडा कमी लागतो, बस. बाकी सगळं दुसऱ्यांच्या हातात. अलायन्स आणि होर्ड या गेममधल्या दोन बाजू. अलायन्समधे पॅलाडिनचं सॅल्व्हेशन 30 टक्के थ्रेट कमी करतं. होर्डमधे शामनचा थ्रेट कमी करणारा ट्रँक्विल एअर टोटेम आहे पण तो आणि जादा फटके देणारा विंडफ्युरी दोन्ही एअर टोटेम, एका वेळी एकच उभा राहतो, आणि विंडफ्युरी सोडायला कुठला वॉरियर तयार होईल?

मग उरतं काय, तर स्वतःचा हात आवरणं. सुरुवातीला टँकला रेज मिळेपर्यंत थांबायचं, थ्रेट मीटरवर डोळा ठेवायचा, 100 च्या पुढे जायला लागलो की हिरोइक स्ट्राइक बंद करायचा, अगदीच वेळ आली तर मागे सरकून एक-दोन स्विंग सोडून द्यायचे. क्रिटची (जास्त जोरात बसणाऱ्या फटक्यांची) लागोपाठ माळ लागली की दोन सेकंदात 90 चे 112 होतात, त्यामुळे आकडा वर गेल्यावर जागं होऊन उपयोग नाही, आधीच जागा ठेवून खेळावं लागतं. ऑनिक्सिया या ड्रॅगनसमोर हे चुकलं तर काय होतं सांगतो. ती वळते ती नुसती तुमच्याकडे नाही, तिचं तोंड रेडकडे वळतं आणि आगीचा श्वास सगळ्यांवर. डेथ विश लावून पहिल्याच सेकंदाला सगळं सोडून देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, आणि त्यात टँक काहीही करू शकत नाही.

"मेलीपेक्षा रेंज्ड घेतलेलं बरं."

मेली अवघड आहे म्हणून असं वाटतं, निरुपयोगी आहे म्हणून नाही. मेजला उभं राहायला आख्खी गुहा असते, वॉरियरला बॉसच्या मागचा छोटासा तुकडा. समोर उभं राहिलात तर स्किल 300 ला जवळजवळ 14 टक्के फटके बॉस पॅरी करतो (शस्त्राने अडवतो) आणि बऱ्याच बॉसचा पॅरी केल्यावर पुढचा फटका लवकर येतो, तोही टँकवर. म्हणजे चुकीच्या जागी उभा असलेला वॉरियर स्वतःचं डॅमेज घालवतो आणि वर टँकचा जीव धोक्यात घालतो. ड्रॅगन असेल तर बरोब्बर मागेही चालत नाही, शेपटीचा तडाखा बसतो, ऑनिक्सियाच्या गुहेत तर तो तडाखा सरळ अंड्यांमधे नेऊन टाकतो. मागच्या पायाच्या बगलेला, शेपटी आणि तोंड दोन्ही टाळून उभं राहायचं आणि ती सरकली की आपणही सरकायचं.

बॅरन गेडन या बॉसने इन्फर्नो (स्वतःभोवती आग) सुरू केला की मेलीने बाहेर पळायचं, संपला की त्याच क्षणी आत. एक सेकंद उशिरा निघालात तर हीलरची धावपळ, दोन सेकंद उशिरा परत आलात तर स्विंग गेले, आणि स्विंग गेले म्हणजे पुढच्या बटणांचा रेजही गेला. कॅस्टर (मेजसारखा मंत्र मारणारा) थांबला तर एक कास्ट जातो, वॉरियर थांबला तर त्याच्या पुढचंही जातं. मॅगमाडार हा बॉस सगळ्यांना घाबरवतो तेव्हा बर्सर्कर रेज वेळेवर लावणारा वॉरियर तिथेच उभा राहून मारत राहतो, बाकीचे सैरावैरा पळत असतात. हे सगळं जमणारा एक वॉरियर रेडला काय देतो ते बघून मग ठरवा रेंज्ड बरं की मेली. जो जमवत नाही तो हीलरला ताप आहे हे मीही म्हणतो, पण तो दोष त्या माणसाचा, मेलीचा नाही.

"वॉरियरने फक्त मीटरवर आकडा दाखवायचा."

फाइट सुरू झाली की कोणीतरी सन्डर आर्मर लावावे लागतात, पाच थर, प्रत्येकी 450, म्हणजे बॉसचं 2250 आर्मर खाली. टँक एकटा लावत बसला तर वेळ जातो, म्हणून शहाणे डीपीएस वॉरियर सुरुवातीचे एक-दोन स्वतः लावतात. त्यात 15 रेज जातो, ग्लोबल कूलडाऊन (पुढचं बटण दाबण्याआधीची सक्तीची थांबायची वेळ) जातो, तुमच्या नावावर डॅमेज शून्य, पण रोग, हंटर, बाकीचे वॉरियर सगळ्यांचे फटके जोरात बसायला लागतात. मीटरवर हे कुठेच दिसत नाही. बॅटल शाउट (अटॅक पॉवर वाढवणारी आरोळी) पार्टीतल्या पाचही जणांना मिळतो, तोही तुमच्या नावावर येत नाही. उलट ट्रॅशवर (बॉसच्या आधीच्या साध्या शत्रूंवर) शीप केलेल्या, म्हणजे मेंढी बनवून ठेवलेल्या मॉबजवळ व्हर्लविंड मारून शीप मोडणाऱ्याचा आकडा मात्र फुगतो, आणि त्याचे परिणाम हीलर भोगतात.

आणि आकडाच हवा असेल तरी नुसतं आपटून मिळत नाही. बॉस 20 टक्क्यांवर आला की बहुतेक जण डोळे झाकून एक्झिक्यूट मारत सुटतात. एक्झिक्यूटचं मूळ डॅमेज 600, टॅलेंटसकट खर्च 10, आणि त्यावरचा प्रत्येक रेज 15 डॅमेज देतो, म्हणजे 30 रेजला 900. ब्लडथर्स्टही 30 रेजचाच आणि तो अटॅक पॉवरच्या (तुमच्या फटक्यांच्या जोराचा आकडा) 45 टक्के मारतो. अटॅक पॉवर 2000 असेल तर तोही 900, बरोबरी. सगळे बफ (तात्पुरती ताकद वाढवणाऱ्या गोष्टी) घेऊन 2000 च्या वर गेलात तर 30 रेजला ब्लडथर्स्ट पुढे जातो, खाली असाल तर एक्झिक्यूट. म्हणून रेडमधे वॉरियर घेताना मीटरचा स्क्रीनशॉट मागण्याऐवजी त्याला विचारा, बफ लावून तुझी अटॅक पॉवर किती आणि 20 टक्क्यांच्या खाली तू आधी काय दाबतोस.