बोलावणं न आलेली टीम

लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला होतो तेव्हा सकाळचा फेरफटका केझर स्टेडियमवर असायचा. गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यावरचं आटोपशीर मैदान. जुनं अवाढव्य केझर १९८९ मध्ये पाडलं. जवळच्याच टेकडीवरच्या युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोची टीम, म्हणजे डॉन्स, त्या जुन्या केझरवर खेळायची. फुटबॉल, पण आपला नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचं, तो. मला त्यातलं अजून धड कळत नाही. पण जावयाने डॉन्सच्या १९५१ च्या मोसमाची गोष्ट सांगितली, ती काही डोक्यातून जाईना.

नऊ सामने, नऊ विजय. ऑली मॅट्सन हा त्यांचा हुकमी एक्का. त्या मोसमात चेंडू घेऊन तो १५६६ यार्ड पळाला, अख्ख्या देशात सर्वांत जास्त. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्ध तर समोरून आलेली किक झेलून एकदा ९४ आणि एकदा ९० यार्ड, थेट पलीकडच्या टोकाला! मैदानच मुळी १०० यार्डांचं. सामना ३२-२६ असा सुटला, आणि असं चेंडू घेऊन टोक गाठलं की तो टचडाउन, त्याचे गुण असतात ६. आता करा हिशेब. इतकं करूनही हाइझमन पुरस्काराच्या, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू निवडायच्या मतदानात गडी नववा.

मोसम संपला की नव्या वर्षाच्या सुमारास ‘बाउल’ सामने होतात. तिथे निमंत्रणाशिवाय जाता येत नाही. मॅट्सन आणि बर्ल टोलर हे टीममधले दोनच काळे खेळाडू. त्या दोघांना घरी ठेवून येत असाल तर बोला, असा सांगावा दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांतल्या बाउल समित्यांकडून आला. टीमने साफ नाही म्हटलं.

इथवर सगळे सांगतात, टाळ्या घेतात आणि थांबतात. माझी तक्रार तिथेच आहे. गोष्ट गोऱ्या पोरांच्या मोठ्या मनाची होऊन बसते. मोठं मन होतंच, नाही कोण म्हणतं? त्यांच्यातला जिनो मार्केटी तर विशीच्या आत युरोपात महायुद्ध लढून आलेला. त्याला कोण काय शिकवणार! पण ज्यांनी हा सांगावा धाडला त्यांचं काय बिघडलं? १९५२ चा ऑरेंज बाउल ठरल्याप्रमाणे झाला, जॉर्जिया टेक आणि बेलर, दोन्ही टीम नखशिखांत गोऱ्या. इकडे तोटा झेपेना म्हणून डॉन्सचं फुटबॉलच त्या मोसमानंतर बंद झालं.

काहींचं म्हणणं, डॉन्सचे प्रतिस्पर्धी कच्चे होते, म्हणून बोलावलं नाही. बरं. मॅट्सन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर, एकाच टीममधले तिघं पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. कच्चं कोण होतं ते दिसतंच आहे.

मॅट्सनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरचं ब्राँझ मिळवलं. त्याच हेलसिंकीत आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचंही ब्राँझ! खाशाबांच्या वाटखर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. माणसं पदरमोड करतात, समित्या मात्र तशाच्या तशा राहतात.

टोलरचा गुडघा त्याच उन्हाळ्यात एका सामन्यात गेला आणि व्यावसायिक खेळायचं राहूनच गेलं. तो शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक. १९५१ मध्ये डॉन्सच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवणारा पोरगा पीट रोझेल तोवर एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा कमिशनर झाला होता. १९६५ मध्ये एनएफएलने टोलरला पंच म्हणून घेतलं, लीगमधला पहिला काळा पंच.

डॉन्सनी १९५१ चा शेवटचा सामना पसाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये खेळला होता, लोयोलाविरुद्ध, २०-२. १९८० चा सुपर बाउल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, त्याच स्टेडियममध्ये झाला. त्या दिवशी कडेच्या रेषेवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून बर्ल टोलर उभा होता.