आधी फाइल उघडा, मग तोंड

तुमचं काम कुणी स्वतःच्या नावावर खपवलं, तर गप्प बसू नका. "साहेबांना कळतंच की" या भरवशावर राहणं महागात पडतं. त्यांच्यापर्यंत शेवटची फाइल पोचते आणि ती पाठवणाऱ्याचंच नाव त्यांच्या लक्षात राहतं.

पण जाब विचारायच्या आधी पुरावा गोळा करा, तोही त्याच दिवशी. गूगल डॉक किंवा शीट असेल तर व्हर्जन हिस्टरीत कुणी कधी काय बदललं ते तारीख-वेळेसकट दिसतं. मात्र समोरच्याने 'मेक अ कॉपी' करून नवी फाइल काढली असेल, तर तिच्यात जुनी हिस्टरी येत नाही. मूळ फाइलच शोधावी लागते. तुमचा एडिट ॲक्सेस काढला तर तिचीही हिस्टरी दिसणार नाही, म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्या. एक्सेल-पॉवरपॉइंटच्या 'इन्फो'मध्ये 'ऑथर' दिसतो खरा, पण ते नाव बदलता येतं. त्यापेक्षा फाइल जोडून तुम्ही आधी पाठवलेला मेल जास्त पक्का. हे सगळं ऑफिसच्याच अकाउंटवर ठेवा. स्वतःच्या जीमेलवर पाठवलंत तर कंपनीच्या नियमांत तुम्हीच अडकू शकता.

बोलायचं ते एक-दोन दिवसांत आणि एकट्याला गाठून. भर मीटिंगमध्ये उखडलात की विषय कामाचा राहत नाही, तुमच्या स्वभावाचा होतो. "तू चोरी केलीस" म्हटलं की समोरचा हात झटकणारच. "मंगळवारच्या प्रेझेंटेशनमधला खर्चाचा तक्ता मी केला होता, माझं नाव कुठेच आलं नाही. असं का झालं?" एवढंच विचारा आणि थांबा. मधली शांतता अवघड जाते, तरी "जाऊ दे, एवढं काही नाही" असं आपणच म्हणून त्याला सोडवू नका. कधी खरंच अनवधानाने राहिलेलं असतं, तेही ऐकून घ्या. उत्तर काहीही येवो, मागणी नेमकी हवी: "आज संध्याकाळपर्यंत प्रेझेंटेशन ज्या मेलने पाठवलंस त्याच मेलवर रिप्लाय ऑल करून तक्ता माझा होता हे लिही." नुसतं "सॉरी यार" घेऊन परत आलात तर लेखी काहीच उरत नाही, आणि अप्रेझलच्या वेळी लेखीच कामाला येतं.

टाळाटाळ झाली तर वरिष्ठांना मेल करा. सूर तक्रारीचा नको, कामाचा हवा: "त्या तक्त्यातले आकडे मी काढले आहेत, मूळ फाइल जोडली आहे. पुढचे बदल माझ्याकडे पाठवावेत."

श्रेय घेणारा तुमचा बॉसच असेल, तर मात्र वाट वेगळी. टीमचं काम वर मांडणं हा त्याच्या कामाचाच भाग असतो, तिथे जाब विचारून फारसं हाती लागत नाही. "पुढच्या वेळी माझा भाग मीच मांडू का?" असं मीटिंग ठरते तेव्हाच विचारा, आदल्या रात्री नाही.