खायचा नाही, तर नीट सोडा तरी

दिवाळी झाली की आमच्या ऑफिसात अंदमानच्या बुकिंगच्या गप्पा सुरू होतात. हल्ली त्यात स्कूबाच्या जोडीला गेम फिशिंग, म्हणजे हौसेखातर मोठे मासे गळाला लावणंही आलंय. दिवसभराची बोट, भलामोठा रॉड आणि परतल्यावर मांडीवर आडव्या घेतलेल्या माशाचा फोटो. फोटो आला की जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात. एकाला मासा केवढा याचं कौतुक, दुसऱ्याचं ठरलेलं वाक्य : खायचा नव्हता तर पकडला कशाला, पाप नुसतं.

मला हा खेळ आवडतो, हे आधीच सांगते. पाप म्हणणाऱ्यांतले कितीतरी जण रविवारी तळहाताएवढ्या पापलेटांचा वाटा घेऊन घरी जातात. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला म्हणून मिरवायचं आणि त्यानं एकदा अंडी घालायच्या आत त्याला तव्यावर टाकायचं, हे आपल्याला चालतं. पर्ससीन जाळं एका फेऱ्यात अख्खा थवा घेरतं. रॉडवाला उन्हात करपून दिवसाला चार मासे लावतो, तेही नशीब असेल तर. समुद्र कोण रिकामा करतंय ते पहाटे ससून डॉकला जाऊन बघा.

पण ‘पकडला आणि सोडून दिला’ हे ज्या पुण्यवान थाटात सांगतात, ते मला पटत नाही. सोडलेला मासा जगला का, हे विचारायला कुणी थांबत नाही.

आपल्याकडे उथळ समुद्र दूरवर पसरलाय. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवर, तरी तिथे पाणी जेमतेम 75 मीटर. अंदमानात बेटांपासून थोडं बाहेर पडलं की तळ झपाट्यानं खाली जातो. म्हणूनच लोक तिथे जातात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आमच्या बोटीवर एकानं जिगिंग करताना, म्हणजे जड धातूचं आमिष खोल सोडून झटक्यानं वर-खाली खेचताना, खोलातून मोठा हेकरू (ग्रुपर) वर आणला. पाण्याचा दाब उतरल्यावर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगली होती, डोळे खोबणीतून बाहेर आलेले आणि तोंडातून जठराचा गुलाबी फुगा. फोटो निघाले, टाळ्या पडल्या, ‘रिलीज’ झाला. मासा पोट वर करून लाटांवर हेलकावत राहिला. त्याला खाली जाताच येत नव्हतं. वजन लावून अशा माशाला खोलवर नेऊन सोडायचं साधं साधन मिळतं, पण बोटीवर ते नव्हतं. बर्फाची पेटी मात्र होती. तो ठेवून घेतला असता तर निदान कुणाच्या ताटात तरी पडला असता.

सेलफिश, मार्लिन या भाल्यासारख्या चोचीच्या मोठ्या माशांची गोष्ट वेगळी. ते वरच्या पाण्यातले. पण गळाला लागल्यावर जिवाच्या आकांतानं पळतात, उड्या मारतात, अंगात आम्ल साठतं. अशा वेळी त्यांना पाण्याबाहेर धरणं म्हणजे धावून दम लागलेल्या माणसाचं नाक दाबणं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर सोडायचा मार्लिन पाण्याबाहेर काढायलाच मनाई आहे. 1953 मध्ये पेरूच्या काबो ब्लांकोला आल्फ्रेड ग्लासेलनं 1,560 पौंडांचा ब्लॅक मार्लिन रॉडवर काढला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. मासा मारला आणि काट्यावर तोलला. त्यात सोडल्याचा आव तरी नव्हता.

तेव्हा ॲडव्हान्स भरण्याआधी बोटवाल्याला विचारा. आमिष लावून ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागं गळ ओढत नेणं, करणार असाल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरता का? तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, साधा गळ मासा आतड्यापर्यंत गिळतो. रॉड-रील पुरेसं दणकट आहे का? बारीक लाइनवर तासभर झुंजवण्यात मर्दुमकी वाटते, पण मासा त्यातच अर्धा मरतो. फोटो बोटीला लागून, मासा पाण्यातच ठेवून काढणार का? ‘मॅडम, मांडीवर घेतल्याशिवाय मजा नाही’ असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा.

आणि कायद्यानं चालत असेल तर एखादी सुरमई ठेवून घ्या. तिचं डोकं वाया न घालवता कालवण करा, तुकड्या तळा. आमच्या टेबलावरच्या शाकाहारी मंडळींचा आक्षेप त्यावरही राहीलच, तर राहू दे.