एकच रॉकेट थेट चंद्रावर? आधी कसारा घाट बघा

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "रॉकेट परत उतरायला लागलं, आता खर्च फक्त इंधनाचा. टाकी भरायची, तेच रॉकेट चंद्रावर जाऊन येईल, दुसऱ्या दिवशी पुन्हा उडेल. तिकीट विमानाएवढं."

खर्च फक्त इंधनाचा? स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटमधलं केरोसीन आणि ऑक्सिजन काही लाख डॉलरचं, उड्डाणाचा जाहीर दर मात्र 6 कोटी डॉलरच्या वर. परत उतरतो तो खालचा टप्पा. वरचा दर वेळी नवा लागतो. शिवाय उड्डाणतळ, माणसं, तपासणी हा खर्च उड्डाण होवो न होवो, चालूच.

'तेच रॉकेट' म्हणण्यात खरा घोळ आहे. कसाऱ्याला गाडीमागे बँकर म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात, 1:37 चा चढ ढकलतात आणि इगतपुरीला सुटतात. ते भुसावळपर्यंत कुणी नेत नाही! पृथ्वीवरून तिच्याभोवतीच्या कक्षेत जायला सेकंदाला सुमारे 9.4 किमी वेग कमवावा लागतो. तिथून चंद्रावर उतरायला आणखी 6, परतीला 2.8 (परतताना वेग वातावरणात मारला तर). मिथेन इंजिनाच्या हिशेबाने, कक्षेतून निघून चंद्रावर उतरून परत येणाऱ्या दर किलो वजनामागे 10-11 किलो इंधन जळतं. म्हणजे पृथ्वीच्या वातावरणात परत शिरताना लागणारं, पण चंद्रावर काडीचाही उपयोग नसलेलं उष्णता-कवच तिथवर वाहायचं, तर किलोमागे एवढा भुर्दंड. म्हणून तीन वाहनं बरी: कक्षेपर्यंतचं, पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राच्या कक्षेत फिरणारं आणि चंद्रावरच ये-जा करणारं, बिनकवचाचं लँडर.

दुसऱ्या दिवशी उड्डाण? ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई ओव्हरहॉलला येतं तेव्हा ते खोलून तपासतात, हे इथे कुणाला सांगायला नको. अमेरिकेच्या स्पेस शटल यानावर 24 हजारांच्या आसपास उष्णतारोधक टाइल्स होत्या, त्या तपासायच्या आणि इंजिनंही काढून बघायची. 1981 ते 2011 मध्ये उड्डाणं झाली 135.

'टाकी भरायची' हे तर मेसेजवाल्याने एका शब्दात उरकलंय. चंद्रावर जायचं तर ती कक्षेत, टँकर-यानांनी आणलेल्या इंधनाने भरायची. तिथे इंधन टाकीच्या तळाशी बसत नाही, गोळे होऊन तरंगतं. नळीत वायू शिरला की पंप कोरडा फिरतो. म्हणून भरताना थ्रस्टरने, म्हणजे छोट्या इंजिनाने, वाहन हलकंसं पुढे ढकलत राहावं लागतं. त्यात द्रव हायड्रोजन उणे 253 अंशांवर, मिथेन उणे 162 वर. ऊन लागलं की उकळतं, दाब वाढतो, वाफ सोडावी लागते. दुसरा टँकर लांबला, की पहिल्याने आणलेलं तेवढं कमी.