रुईच्या फुलांची रात्र

भाचा आणि त्याचे तीन मित्र बँकॉकला आले, तेव्हा सामान खोलीत टाकल्याबरोबर म्हणाला, "मावशी, देवळं दिवसा बघू. रात्री मात्र नाइट लाइफ दाखव."

दिवस सोपा गेला. वाट फो या देवळातला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहिला, होडीने चाओ फ्राया ओलांडून वाट अरुणच्या पायऱ्या चढलो. संध्याकाळी मुलांनी सोई काउबॉय या बारच्या बदनाम गल्लीचं नाव काढलं. मी येणार नाही, असं सरळ सांगितलं, आणि का तेही सांगितलं. तिथल्या कितीतरी मुली इसानच्या, म्हणजे ईशान्येकडच्या गरीब जिल्ह्यांतून आलेल्या असतात. घरी पैसे पाठवतात. त्यांच्याकडे बोट दाखवून हसणारी आपल्याकडची पुरुषमंडळी मी पाहिली आहेत. मला त्यांची लाज वाटते.

मग यावारातला, म्हणजे इथल्या चायनाटाउनला गेलो. रात्री अकराला रस्त्याच्या कडेला स्टुलांवर बसून जेवणारी अख्खी कुटुंबं, आजीच्या मांडीवर झोपलेलं नातवंड. तिथून एक वाजता पाक ख्लोंग तलातचा फुलबाजार. तो २४ तास चालतो, पण खरा रंगतो मध्यरात्रीनंतर. झेंडूच्या राशी, बर्फावर ठेवलेली कमळं, मोगऱ्याचे गजरे. आणि रुई! आपण शनिवारी मारुतीला वाहतो तीच. थाई लोक तिला 'दोक राक', प्रेमाचं फूल म्हणतात आणि हारात ओवतात. हार ओवणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांच्यामधून मी एकटीसुद्धा कितीदा हिंडले आहे.

भाचा म्हणाला, "हे तर दादरसारखंच आहे." अगदी खरं आहे. दादरचा फुलबाजार उजाडण्याआधीच जागा होतो, ससून डॉकवर पहाटे मासळी उतरते. मुंबईला रात्र शिकवायची गरज नाही.

म्हणून मुंबईतला नाइट लाइफवरचा वाद ऐकला की जीव तुटतो. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने 'मुंबई २४ तास'ला मंजुरी दिली, तेव्हा एक बाजू संस्कृती बुडाल्याचं सांगत होती, दुसरी महसूल आणि पर्यटनाचं. भांडण सगळं पबवर. वास्तविक त्या निर्णयात मॉल, दुकानं आणि उपाहारगृहं होती. दारूची वेळ दीडपर्यंतच राहिली होती. ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी आदेशानेही राज्यभर दुकानांना रात्रभर मुभा देताना दारूची ठिकाणं वगळलीच. पण रात्री दोनला पाळी संपवून निघालेली नर्स घरी कशी जाणार, तिला स्वच्छ स्वच्छतागृह कुठे सापडणार, गरम चहा कोण देणार, यावर एवढ्या पोटतिडकीने कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

"परदेशात बसून बोलायला काय जातं?" असं माझा भाऊ म्हणतो. त्याचं म्हणणं मी मनावर घेते, कारण इथेही सगळं आलबेल नाही. आकाशरेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. याच फुलबाजाराच्या फुटपाथवरच्या विक्रेत्यांना २०१६ मध्ये पालिकेने उठवलं. पर्यटक ज्या गर्दीचे फोटो काढायला येतात, ती गर्दीच शिस्तीच्या नावाखाली हटवायची, हा मला क्रूरपणा वाटतो. मुंबईतही फेरीवाल्यांशी आपण वेगळं काय वागतो? आणि २००९ च्या नववर्षाच्या रात्री इथल्या सांतिका क्लबच्या आगीत ६६ माणसं गेली. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलमध्ये १४. पबला परवानगी असावी की नसावी यावर घसा कोरडा करणाऱ्यांनी आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा उघडतो का, ते पाहावं. मी तरी पबच्या विरोधात नाही. दरवाजा मोकळा हवा, एवढंच.

बँकॉककडून घ्यायचं असेल तर मी जेवणाचे गाडे घेईन. रात्री अकराला जिथे गाड्याभोवती उजेड आणि माणसं असतात, त्या गल्लीतून बाई न घाबरता जाते. पोलिसाची गस्त हवीच, पण गाडेवालीचं लक्ष असतं तसं गस्तीचं नसतं.

परतीच्या आदल्या रात्री भाच्याने पुन्हा फुलबाजारात चल म्हणून हट्ट धरला. त्याने आईसाठी मोगरा-रुईचा हार घेतला. विमानात टिकणार नाही म्हटलं, तर हार ओवणाऱ्या बाईने तो बर्फाच्या पिशवीत घालून दिला आणि बर्फाचे पैसे घेतले नाहीत. पहाटेचे तीन वाजले होते. तिची शाळकरी मुलगी बाजूलाच टोपल्यांच्या आडोशाला गाढ झोपली होती.