एक-चौदावरची सतरा नावं आणि एक व्हॅम्पायर

या चवथीला आमच्या डिचोलीच्या मूळ घरात दोन तट पडले. एका बाजूला 'रात्रीस खेळ चाले' मालिकेतले अण्णा नाईक, दुसऱ्या बाजूला व्हॅम्पायर. दुसरा दिवस, दुपारची वेळ, बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, पोटात नेवऱ्या आणि खतखतं. गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली सगळे लवंडले होते आणि मोबाइलची बॅटरी जपून वापरायची म्हणून नाइलाजाने एकमेकांशी बोलत होते.

सुरुवात पुतणीने केली. वय सतरा. 'द व्हॅम्पायर डायरीज'चे आठही सीझन, म्हणजे १७१ भाग, तिने संपवलेत. मालिका २००९ ते २०१७ चालली, म्हणजे सुरू झाली तेव्हा ही पाळण्यात होती. मालिका ज्यांवरून निघाली त्या १९९१ पासूनच्या कादंबऱ्याही आता वाचतेय. आमचा दादा तिला चिडवत होता, "दात विचकणारी गोरी पोरं बघून भीती कसली वाटते? भूत बघायचं तर अण्णा बघ." त्यावर ती उसळून म्हणाली, "काका, तूच सांग. आपयले बगर तो भितर येवंक शकना. अण्णाक कसलो नेम आसा?" (बोलावल्याशिवाय तो आत येऊ शकत नाही. अण्णाला कसला नियम आहे?)

मी मध्यस्थ. पण प्रश्न ऐकून गप्प झालो.

व्हॅम्पायरला घरातल्या माणसाने 'ये' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, ही अट जुनी आहे, १८९७च्या 'ड्रॅक्युला'तही आहे. या मालिकेने ती कायद्याच्या कागदापर्यंत नेली. एका सीझनमध्ये व्हॅम्पायर भाऊ आपलं घरच नायिकेच्या नावावर करून देतात, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते तिने ठरवायचं आणि बाकीचे व्हॅम्पायर दारातच अडणार. हे ऐकल्यावर दादा हसून हसून लोळला. "आमच्या एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, सतरा नावं आहेत. त्यातली चार वारलेली, दोन पोर्तुगालात, एक आमच्याशी बोलत नाही. शिवाय नवऱ्याबरोबर बायकोची सही हवीच. व्हॅम्पायर अमर असला तरी सह्या गोळा करताना टेकीला येईल." गोव्यात ज्याने वाटणीचा दावा बघितलाय त्याला हा विनोद सांगावा लागत नाही.

पण पोरीचा मुद्दा विनोदात वाहून जाण्यासारखा नव्हता. गेले काही दिवस तोच डोक्यात आहे, म्हणून हे लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर सोडून द्या.

'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सुरू झाली तेव्हा आमच्याकडे साडेदहाला जेवणाची ताटं टीव्हीसमोर यायची. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत, म्हणजे आमच्या घरापासून पत्रादेवीची हद्द ओलांडली की जवळजवळ पोचलोच. ती पडवी, तो माड, ती चिऱ्याची भिंत आपलीच. त्यातल्या विसरभोळ्या पांडूचं 'इसारलंय' तर आमच्या ऑफिसात फाइल हरवली की आजही ऐकू येतं. तेव्हा सिंधुदुर्गात कोकणाची बदनामी होते म्हणून ओरड झाली. ती मला तेव्हाही पटली नव्हती. बदनामी व्हायचीच तर नाईकांच्या घरातल्या जमिनीच्या भांडणांनी झाली असती, आणि ती भांडणं तर खरीच होती.

माझ्या मते त्या मालिकेचं सगळ्यात चांगलं पर्व दुसरं, आणि त्यात भूत जवळजवळ नाहीच. पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने झाली होती. २०१९ मध्ये मालिका उलटी मागे गेली आणि अण्णा जिवंत असतानाची गोष्ट सांगू लागली. म्हणजे हा माणूस मरणार आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक, त्याला मात्र नाही. अण्णा झालेले माधव अभ्यंकर मिशीवर हात फिरवत एखाद्याची जमीन गिळायचे तेव्हा मला भूत दिसल्यापेक्षा जास्त गार वाटायचं. तिसऱ्या पर्वात अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता खरोखरची भुतं झाली आणि माझी भीतीच गेली. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. पुतणीने आता सांगितलं. ती दोघं कधीही येतात, काहीही करतात. कशाने अडतात, कशाने शांत होतात, याचा पत्ता नाही. मग घाबरवायचं काम संगीतवाल्याच्या गळ्यात पडतं. (दादा हे वाचतोय. दादा, तू काहीही म्हण.)

याच्या उलट 'तुंबाड' हा सिनेमा. २०१८ला आला तेव्हा पणजीत आम्ही मोजकी डोकी होतो, २०२४ला पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. भयकथाकार नारायण धारपांच्या कथेचं बीज त्यात आहे म्हणून मराठी वाचकाची कॉलर ताठ होते ती वेगळीच. पण सिनेमा टिकला तो अटीमुळे. त्यातल्या हस्तर या देवीच्या लोभी मुलाला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो भुकेला. त्याला कणकेची बाहुली द्यायची, आपण पिठाच्या रिंगणात थांबायचं, तो खाण्यात गुंतला की लंगोटातली मुद्रा ओढायची. अट एवढीच. आणि एका बाहुलीवर भागत नाही म्हणून अनेक नेल्या की काय होतं, ते पाहिलेल्यांना माहीत आहे.

पीठ म्हटल्यावर आमच्या कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, रोट आठवला नसता तर मी गोंयकार कसला. वर्षातून एकदा, पाऊस ओसरला की आमचे बाबा रोट म्हणजे जाडजूड भाकरी, दारूची बाटली आणि विड्यांचं बंडल घेऊन जुन्या झाडाच्या मुळाशी जायचे. हे राखणदाराचं, म्हणजे जागा राखणाऱ्या देवचाराचं. त्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'तो'. तो रात्री कांबळ पांघरून, घुंगुरकाठी वाजवत बांधावरून फिरतो, पाणी बघतो, चोराला वाट चुकवतो. आमोण्याच्या वेताळाला वाहिलेल्या वहाणा झिजतात, कारण तो चालतो. शिगम्यात साळच्या गड्यांच्या जत्रेला रात्री डोंगरावर दिसणाऱ्या चुडी, म्हणजे पेटत्या मशाली, देवचाराच्या, असं लोक सांगतात. मी दोनदा गेलोय. चूड दिसली का म्हणाल तर एकदा काहीतरी दिसलं. तेवढंच बोलतो.

यातलं खरं किती हा वाद मला इथे घालायचाच नाही, त्यासाठी वेगळी पोस्ट लिहा आणि मला टॅग करू नका. मी गोष्टीचं बोलतोय. राखणदार हे घाबरवणारं भूत नाही. त्याच्याशी बोली झालेली आहे. तू राख, आम्ही देतो. देणं चुकलं तर तो रागावतो, आणि तो राग न्यायाचा असतो. व्हॅम्पायरचा उंबरा, हस्तरचं रिंगण, राखणदाराचा रोट, तिन्हींत गोष्ट उभी राहते ती माणसाने दिलेल्या शब्दावर. धारपांनी रंगवलेल्या समर्थ या पात्राच्या भयकथा मी कॉलेजात असताना वाचनालयातून आणून रात्री वाचायचो. त्यांतही मला खरी भीती वाटायची ती दार उघडणाऱ्या माणसाची. कुणी हव्यासाने उघडतं, कुणी नुसतं बघू तरी म्हणून.

मग राग येतो तो याचा, की एवढा ऐवज दारात असताना पुतणीच्या वयाच्या मुलांसाठी मराठीत राखणदाराची एक जाडजूड कादंबरी मी तिच्या हातात ठेवू शकत नाही. देवचार भेटतो तो लोकसंस्कृतीवरच्या लेखांत आणि रविवारच्या पुरवणीत. तिथे त्याच्यावर माहिती असते, तो स्वतः नसतो.

गोष्ट तर समोर पडलीय. आमच्या शेजारचं कुळागर दोन वर्षांपूर्वी विकलं गेलं. आता तिथे कुंपण, कॅमेरा आणि पोहण्याचा तलाव. मालक वर्षातून दहा दिवस येतो. त्या झाडाखाली आता रोट कोण ठेवतं? पुतणीने हेच विचारलं, "जमीन विकली की राखणदारही विक्रीत जातो का? की तो जुन्या मालकाच्या मागे फ्लॅटवर येतो?" दादासुद्धा गप्प. या एका प्रश्नावर आठ सीझन निघतील.

आई इतका वेळ खांबाला टेकून वाती वळत होती. तिला व्हॅम्पायर काय ते पोरीने समजावलं, ते आपयल्याशिवाय न येण्याचंही. मग विचारलं, "आजी, आमी राखणदाराक केन्ना आपयल्लो?"

आई म्हणाली, "आमी खंय आपयतलीं? तो आमचे पयलींचो. ताणेंच आमकां भितर घेतल्यात."

तेवढ्यात वीज आली, पंखा फिरला, पोरं चार्जर शोधत पांगली.

रात्री पुतणीचा मेसेज आला. धारपांचं काही आहे का, मराठी हळू वाचते पण वाचीन म्हणाली. माझ्याकडची समर्थांची पुस्तकं पूर्वी कुणीतरी नेली ती परत आलीच नाहीत. पणजी, म्हापसा, डिचोली परिसरात कुणाकडे जुन्या प्रती असतील तर सांगा. येऊन घेऊन जाईन, महिन्याभरात परत करीन. शब्द.