केसरबाई आणि सुके बांगडे

परवाच्या शुक्रवारी मी बाहेर बसून ऐकण्याजोगा ब्लूटूथ स्पीकर घ्यायला म्हापशाला गेलो आणि एक स्पीकर घेऊन परत आलो. मात्र तो मी निवडलेला नाही. हे लिहीत असताना तो समोर सोप्यावर पडलेला आहे, आणि घरातले मांजर सकाळपासून त्याच्याजवळून हललेले नाही.

गरज खरी होती. मे महिन्यात आमच्या पेडण्याकडे संध्याकाळची वीज जाते, आई अंगणाकडे तोंड करून सोप्यावर बसते, आणि तिला त्या वेळी केसरबाई केरकर लागतात. फोंड्याजवळच्या केरी गावात जन्मलेल्या या गायिकेची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकडीवर बसून अंतराळात गेली आणि आज पृथ्वीपासून दोन हजार कोटी किलोमीटरांहून दूर आहे. आमच्या सोप्यापासून फणसाच्या झाडापर्यंतचे अंतर वीस पावले असून तेथवर ती माझ्या फोनमधून पोहोचत नाही. अंतराळात हवा नसल्यामुळे ती तेथेही कोणाला ऐकू येत नसणार, म्हणजे फणस आणि अंतराळ याबाबतीत सारखेच.

चार रात्री अभ्यास करून मी दुकानात गेलो होतो. आयपी ६७ या धूळ-पाण्यापासूनच्या बचावाच्या खुणेतल्या सहाचा अर्थ धूळ आत शिरत नाही, आणि साताचा अर्थ एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो, हे मला पाठ होते. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, हेही ठाऊक होते. दुकानदाराने एक नळकांड्यासारखा उभा आणि एक विटेसारखा आडवा असे दोन स्पीकर काचेवर ठेवले. उभ्यावर २० वॅट लिहिले होते, आडव्यावर ३०. दुकानदार म्हणाला, "दीडपट आवाज." मी त्याला डेसिबल समजावून सांगणार, इतक्यात विजेरीचे सेल घ्यायला आलेले एक गृहस्थ मध्ये पडले.

त्यांच्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हातात पुरुमेताच्या खरेदीची भली मोठी पिशवी. पावसाळ्याची बेगमी म्हणून त्यांनी काय काय घेतले होते, हे पिशवीत न डोकावताही साऱ्या दुकानाला कळत होते. वयाने ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे असावेत, आणि त्या बळावर एकेरीवर येण्याचा अधिकार त्यांनी आपणहून घेतला. त्यांचे बोलणे मी येथे मराठीत देतो, कारण मूळ कोकणीत ते मला फारच लागले होते.

"कुठे वाजवायचा?"

"अंगणात."

"मग दुकानात उभा राहून काय ऐकतोस? बायको काय अंधारात बघून केलीस?"

दुकानदार हसला. मी हसलो नाही, आणि अजूनही हसणार नाही. पण त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि नेमके हेच मला अधिक झोंबले. दुकानाच्या तिन्ही भिंती आणि फळ्या आवाज परत फेकतात, त्यामुळे हाताएवढा स्पीकरही तेथे देवळातल्या भजनासारखा भरून येतो. अंगणात परत फेकणारे कोणीच नसते. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात, म्हणजे एक मीटरवर मोजलेल्या आवाजातले सोळा मीटरांवर २४ जातात, आणि तबल्याचा बायां, म्हणजे खर्जात घुमणारा डग्गा, तर सर्वांत आधी नाहीसा होतो.

"फोन घरात राहणार ना? मग तू इथेच थांब," असे म्हणून त्यांनी केसरबाई गात असलेला आडवा स्पीकर उचलला आणि ते मोठ्याने पावले मोजत बाजारात उतरले. सातव्या पावलाला बायां गेला. बाराव्याला केळ्यांची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई मधून गेली आणि तान तुटली, कारण ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी माणसाच्या शरीरातले पाणी शोषून घेते. बाई पुढे गेल्यावर तान परत आली. "अठरा!" असे दुरून ऐकू आले, नंतर एक वळण आले, आणि केसरबाई, गृहस्थ व दुकानदाराचा माल हे तिघेही दिसेनासे झाले.

पाच मिनिटांनी दुकानदाराने विचारले, "ते तुमच्याबरोबरचे ना?"

"नाही. मी त्यांना ओळखतही नाही."

"पण फोन तर तुमचा जोडलेला होता."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ नावाच्या डॅनिश राजावरून दिले गेले, कारण त्याने विखुरलेल्या लोकांना एकत्र जोडले होते. मला कोणाशी जोडले गेले, हे त्या राजाने येऊन पाहावे. दुकानदाराने मला बसायला स्टूल दिले, आणि ते कोठे ठेवायचे याचा विचार करून माझ्या व दाराच्या मध्ये स्वतःची खुर्ची टाकली. आल्या-गेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो "हे थांबलेत" असे सांगत होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पंचवीस मिनिटे जामीन म्हणून बसलो.

बसल्या बसल्या खोक्यावरचे २४ तास पुन्हा वाचले. हे तास बहुधा मध्यम आवाजावर मोजलेले असतात, म्हणजे ज्या आवाजावर अंगणात काहीच ऐकू येत नाही, त्यावर बॅटरी एक दिवस टिकते. दुसरीकडे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवू नये असे सन २००० चे नियम सांगत असताना, किनाऱ्याकडचा धडधडाट वाऱ्याबरोबर आमच्या उशीपर्यंत येतो. त्या लोकांना कोणी पावले मोजायला लावत नाही. एका म्हातारीला सायंकाळी सातला आपल्याच अंगणात भैरवी ऐकायची असेल, तर मात्र पोराने तारण राहावे लागते.

गृहस्थ परतले ते चहा पिऊन. स्पीकर त्यांनी पिशवीतून काढला, आणि त्याच्या जाळीवर बांगड्याचे दोन खवले चिकटलेले होते. "हा बरा वाजतो, पण ऐकू येत नाही," असा निकाल त्यांनी दिला, दोन सेल घेतले, सुट्ट्या पैशांवरून थोडी हुज्जत घातली आणि ते निघून गेले.

दुकानदाराने स्पीकर नाकाजवळ नेला, लगेच दूर धरला आणि माझ्याकडे ढकलला. उभा मला आवडला होता, आकाराने आणि किमतीनेही, पण "हा आता दुसऱ्या कोणाला कसा विकू?" या प्रश्नापुढे माझा चार रात्रींचा अभ्यास लुळा पडला. वर बिलावर छापलेले होतेच की उघडलेला माल परत घेतला जाणार नाही. मी पैसे दिले. मी गुन्हेगार नव्हतो, पण पैसे देताना वागलो तसाच.

घरी आल्यावर तो नळाखाली तीनदा धुतला. आयपी ६७ ने आपला शब्द पाळला, पाणी आत गेले नाही. वास मात्र बाहेरही आला नाही. सायंकाळी वीज गेली. मी स्पीकर अंगणाच्या कडेला ठेवला, तेव्हा आईने आपली खुर्ची ओढत ओढत त्याच्या अगदी शेजारी नेली, म्हणजे वॅटांचा प्रश्न तिने एका मिनिटात मिटवला. डोळे मिटून तिने आलाप ऐकला. मग डोळे न उघडता म्हणाली, "छान गाते रे. पण सुके बांगडे उघड्यावर ठेवलेस का? मांजर नेईल."